माफीत व्हीलचेअर आली, पण अडलं होतं भलतंच: रांची विमानतळाचं प्रकरण

७ मे २०२२, शनिवार. रांचीहून हैदराबादला जाणारं इंडिगोचं विमान, आई-वडील आणि त्यांचा वयात आलेला मुलगा. तिकिटं आहेत, चेक-इन झालंय, सिक्युरिटी पार पडलीये, गेटपर्यंत पोचलेत, आणि तिथे त्यांना सांगितलं की मुलाला विमानात घेता येणार नाही. विमान गेलं, हे तिघं मागे राहिले. तेव्हा तुम्हीही वाचलं असेल, दोन-चार दिवस सगळीकडे हेच चाललं होतं, मग नेहमीसारखा विषय मागे पडला. माझ्या डोक्यातून मात्र ते गेलं नाही, कारण माझा भाचा ऑटिस्टिक आहे आणि ती बातमी वाचताना मला त्या मुलाच्या जागी सरळ तोच दिसत होता.

भाच्याला इथे पिंट्या म्हणू, खरं नाव वेगळंय. पंधरा वर्षांचा, माझ्यापेक्षा दोन बोटं उंच, बोलतो मोजकंच, आणि चाकं असलेली कुठलीही वस्तू दिसली की मग त्याला दुसरं काही दिसत नाही. ताई नागपूरला, मी पुण्यात. रात्रभराची ट्रेन त्याला झेपत नाही म्हणून वर्षातून दोनदा ते विमानाने येतात आणि बरेचदा मी सोबत असतो, बॅगा उचलायला म्हणा किंवा लोकांशी हुज्जत घालायला म्हणा. त्या दिवशी ताईने बातमीची लिंक पाठवली आणि खाली एकच ओळ, "बघ, मी म्हणत नव्हते?"

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. रांचीच्या मुलाचं निदान काय होतं हे मी सांगणार नाही, बातम्यांमध्ये ‘विशेष मूल’, ‘दिव्यांग मूल’ असंच येत होतं आणि त्याची फाईल उघडून बघायचा आपल्याला काही हक्कही नाही. तो ऑटिस्टिक होताच असं माझं म्हणणं नाही. पण गेटवर जे झालं त्याचा जो साचा आहे ना, म्हणजे आधी ताण, मग गर्दी, मग लोकांचं अंगावर येणं, मग “याला आवरा”, तो प्रत्येक ऑटिस्टिक मुलाच्या घरी तोंडपाठ आहे. म्हणून हे प्रकरण नीट उलगडून बघायचं.

काय घडलं ते जगाला कळलं एका सहप्रवासी बाईंच्या फेसबुक पोस्टमुळे. त्यांच्या सांगण्यानुसार मुलगा विमानतळावर आला तोच त्रासलेला, गाडीचा प्रवास त्याला सोसला नव्हता. सिक्युरिटीपाशी ताण अजून वाढला. आई-बापांनी मग तेच केलं जे आपण सगळे करतो, समजावलं, जवळ घेतलं, थोडं दटावलं, खायला घातलं, औषध दिलं, आणि बोर्डिंगपर्यंत पोरगा बऱ्यापैकी सावरला होता असं त्या लिहितात. पण कंपनीच्या ग्राउंड स्टाफमधल्या मॅनेजरांनी ठरवूनच टाकलं होतं की हा बाकीच्या प्रवाशांना धोका आहे, आणि त्या भरात दारू प्यायलेल्या प्रवाशाशी तुलनासुद्धा झाली म्हणे. मग बाकीचे प्रवासीच भांडायला उभे राहिले, आमची काही हरकत नाही म्हणाले, कुणी मोबाईलवर सुप्रीम कोर्टाच्या निकालाच्या बातम्या काढून दाखवल्या, त्याच विमानाने निघालेला डॉक्टरांचा एक गट होता तेही म्हणाले की वाटेत काही झालं तर आम्ही बघतो. उपयोग शून्य.

कंपनीची बाजूही मांडतो, नाहीतर हे नुसतं ओरडणं होईल. त्यांचं म्हणणं असं की मुलगा घाबरलेल्या अवस्थेत होता, स्टाफने शेवटच्या मिनिटापर्यंत तो शांत व्हायची वाट बघितली, तो झाला नाही, मग सगळ्या प्रवाशांच्या सुरक्षेसाठी त्याला घेतलं नाही, कुटुंबाची हॉटेलात सोय केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपल्या ठिकाणी रवाना झाले.

सगळे भांडले ते मॅनेजरवर, मला मात्र ती दुसऱ्या दिवशीची सकाळ जास्त बोलकी वाटते. तोच मुलगा, तेच आई-बाप, तेच रांची. एका रात्रीत त्याचं अपंगत्व कुठे पळून गेलं होतं का? नाही ना. मध्ये गेली ती एक झोप आणि चार भिंतींची एक शांत खोली, बास. म्हणजे कंपनीने त्याला विमान नाकारून मग जे दिलं ते आधी दिलं असतं, अख्खी रात्र नाही हो, अर्धा तास, तर कदाचित हे प्रकरणच झालं नसतं. आता हे ‘कदाचित’ मी मुद्दाम म्हणतोय, मी तिथे नव्हतो.

आणि “शेवटच्या मिनिटापर्यंत वाट बघितली” हे वाक्य. वाट बघितली म्हणजे कुठे बघितली? गेटवर, लोकांच्या घोळक्यात, तीन माणसं डोक्यावर उभी राहून, घड्याळाकडे बघत. दूध उतू जायला लागलंय आणि आपण गॅस बंद न करता ते खाली बसायची वाट बघतोय, तसंच हे. ज्याला वाटतं की समोरचा आपल्याकडे रोखून बघतोय त्याला शांत हो म्हणून सांगणं हा वाट बघण्याचा प्रकारच नाही, ते अजून एक ओझं झालं.

विमानतळ आतून कसा दिसतो

आपल्याला विमानतळ म्हणजे एसी, चकचकीत फरशी आणि महागडा चहा. पिंट्यासोबत गेलं की तीच जागा वेगळी दिसायला लागते. दारातच आयडी दाखवायची लाईन, तिथे थांबायचं पण किती वेळ ते कुणी सांगत नाही. मग चेक-इन, जिथे त्याची बॅग एका पट्ट्यावरून निघून जाते आणि दिसेनाशी होते (पहिल्या वेळी तो त्या पट्ट्यावर चढायला निघाला होता, चाकं होती ना बॅगेला). मग सिक्युरिटी, जे सगळ्यात अवघड. बेल्ट काढ, मोबाईल दे, हेडफोन काढ, म्हणजे आवाजापासून वाचायचं जे एकमेव साधन तेच नेमकं सगळ्यात जास्त आवाज असतो तिथे काढून ट्रेमध्ये टाकायचं, मग आईपासून वेगळं होऊन पुरुषांच्या लाईनीत जायचं, पाटासारख्या उंचवट्यावर चढायचं, हात पसरायचे आणि एक अनोळखी माणूस अंगावरून हात फिरवणार, वर ते मशीन कानाशी पिंपिं करणार. आपल्या घरी त्याची नखं कापायला दोन माणसं लागतात, आणि इथे हे.

मेल्टडाऊन हा शब्द आता बऱ्याच लोकांना माहीत झालाय पण अजूनही त्याला हट्ट समजतात. हट्टात मूल तुमच्याकडे डोळा ठेवून असतं, काही मिळालं की थांबतं. मेल्टडाऊनमध्ये त्याला काही नकोच असतं, आवाज, उजेड, स्पर्श, माणसं हे सगळं एकावर एक साठत गेलेलं असतं आणि मग फ्यूज उडतो. फ्यूज उडाल्यावर बटण दाबत राहून काही होत नाही, आधी लोड कमी करायला लागतो. लोड कमी करायचा म्हणजे माणसं कमी, आवाज कमी, बोलणारा एकच, आणि वेळ. मोठी ऑटिस्टिक माणसं एकटी प्रवास करतात त्यांचं तर अजून अवघड, कारण त्यांच्याजवळ समजावून सांगणारी आई नसते आणि नेमक्या त्या वेळी कित्येकांचं बोलणंच बंद पडतं. मग लोकांना वाटतं हा उर्मट आहे नाहीतर नशेत आहे.

एकदा मात्र सीआयएसएफचे, म्हणजे विमानतळावर तपासणी करणाऱ्या सुरक्षा दलाचे, एक जवान भेटले, त्यांना मी आधीच हळूच सांगितलं की ऑटिझम आहे, हात लावला तर बिथरतो. त्यांनी दोन सेकंद विचार केला, मशीन पिंट्यासमोर धरलं, आधी स्वतःच्या बक्कलवरून फिरवून वाजवून दाखवलं, मग त्याच्या शर्टावरून. पिंट्याला इतकी गंमत वाटली की तो उतरायलाच तयार होईना. तपासणी पूर्ण झाली, नियम कुठलाच मोडला नाही, फक्त चाळीसेक सेकंद जास्त लागले. पण हे त्या एका माणसाच्या डोक्यातून आलेलं होतं, पुढच्या खेपेला वेगळे जवान होते आणि आमचे बारा वाजले.

दोन रकाने

आता मला या प्रकरणाबद्दल जे खरं बोलायचंय ते. रांचीच्या स्टाफला सैतान ठरवून काही हाती लागत नाही. मला वाटतं त्यांच्यापुढे एक माणूस आला आणि त्यांच्याकडे त्याला बसवायला दोनच रकाने होते: एक ‘आजारी’, दुसरा ‘दंगेखोर’. दंगेखोर प्रवाशासाठी डीजीसीएची, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेची, व्यवस्थित नियमावली आहे, तीन पातळ्या आहेत, कुठल्या पातळीला किती काळ बंदी ते ठरलेलं आहे. आजारी प्रवाशासाठी फॉर्म आहे, डॉक्टर आहे, फिटनेस सर्टिफिकेट आहे. घाबरलेला, भरून आलेला, पण ना आजारी ना दंगेखोर अशा माणसासाठी काय करायचं ते हातात कुणी दिलेलंच नव्हतं. मग त्या मुलाची भीती पहिल्यांदा ‘धोका’ झाली. आणि गंमत बघा, विमानतळानेच ती भीती तयार करायची, वाढवायची आणि मग तीच पुरावा म्हणून वापरायची.

हे पहिल्यांदा झालं असं नाही. १९ फेब्रुवारी २०१२ ला जीजा घोष कोलकात्याहून गोव्याला निघाल्या होत्या, स्पाइसजेटच्या विमानाने. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे शरीराच्या हालचालींवर ताबा कमी, स्वतः अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या, आणि गोव्यात अपंगत्वावरच्याच एका आंतरराष्ट्रीय परिषदेला बोलावलं होतं आपल्या मुंबईच्या अ‍ॅडॅप्टने, म्हणजे पूर्वीची स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया. त्या सीटवर जाऊन बसल्या होत्या, तिथून त्यांना उतरवलं. कंपनीचं म्हणणं, तब्येत बरी दिसत नव्हती. म्हणजे इथे पहिला रकाना, आजारी. परिषद हुकली. जीजा घोष आणि अ‍ॅडॅप्ट सुप्रीम कोर्टात गेले आणि १२ मे २०१६ ला निकाल लागला, दहा लाख रुपये नुकसानभरपाई. चार वर्षं. रांचीच्या गेटवर प्रवासी ज्या निकालाच्या बातम्या दाखवत होते ना, तो हाच धरून चालायला हरकत नाही, विमान आणि अपंगत्व म्हटलं की आपल्याकडे पहिला हाच निघतो.

म्हणजे २०१२ ला आजारी म्हणून उतरवलं, २०२२ ला धोका म्हणून चढू दिलं नाही. मधल्या दहा वर्षांत कायदा बदलला हो, बराच बदलला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि त्यात ऑटिझम नव्हताच, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले आणि ऑटिझम आला, रीझनेबल अकॉमोडेशन हा शब्द आला, म्हणजे त्या माणसाला इतरांसारखं जमावं म्हणून केलेली जुळवाजुळव, आणि ती नाकारणं हाही भेदभावच असं कायदा म्हणतो. कागद उत्तम आहे. पिंट्याचं यूडीआयडी कार्डसुद्धा आहे, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, त्यासाठी ऑटिझम किती ते मोजणारी चाळीस प्रश्नांची चाचणी असते, ताईने एक अख्खा दिवस सिव्हिल हॉस्पिटलच्या बाकावर काढलाय. कार्डावर टक्केवारी आहे. गेटवर उभ्या माणसाने काय करायचं हे कार्डावर नाही, आणि तिथे नेमकं तेच हवं असतं.

मग पुढे काय झालं

९ मे ला तेव्हाचे विमान वाहतूक मंत्री ज्योतिरादित्य सिंधिया यांनी ट्वीट केलं की असलं वागणं अजिबात खपवून घेणार नाही, मी स्वतः चौकशी करतोय. कंपनीचे सीईओ रोनोजॉय दत्ता यांनी खेद व्यक्त केला आणि त्या पत्रकात एक गोष्ट होती जी मी चार-पाच वेळा वाचली: मुलासाठी इलेक्ट्रिक व्हीलचेअर घेऊन देण्याची तयारी.

वाईट हेतूने नसेल म्हटलं, त्याला ती उपयोगाची असेलही, मला माहीत नाही आणि त्यावर मी काही बोलणार नाही. पण तो थांबला होता तो चाकं नव्हती म्हणून नाही ना. त्याला हवा होता वेळ, शांतता आणि न ओरडणारी माणसं, आणि माफी आली ती व्हीलचेअरच्या आकारात. कारण आपल्याकडे अपंगत्व म्हटलं की डोळ्यांपुढे तीच येते, पाटीवर तीच, पार्किंगमध्ये तीच, टॉयलेटच्या दारावर तीच. जे अपंगत्व त्या चित्रात बसत नाही त्याला कुठल्या दारातून आत घ्यायचं हे मोठमोठ्या कंपन्यांनाही सुचत नाही.

डीजीसीएने तीन जणांची टीम नेमली, कारणे दाखवा नोटीस गेली आणि २८ मे ला पाच लाखांचा दंड झाला. त्यांच्या आदेशाचा सूर असा की स्टाफने परिस्थिती नीट हाताळली नाही, उलट चिघळवली, थोडं समजुतीने घेतलं असतं तर मूल शांत झालं असतं आणि इतक्या टोकाला जायची वेळच आली नसती. चांगलंच आहे. पाच लाख म्हणजे दिवसाला हजारावर विमानं उडवणाऱ्या कंपनीला काय, हा प्रश्न आहेच, पण निदान सरकारी कागदावर तरी आलं की चूक मुलाची नव्हती.

मग जूनमध्ये नियम बदलायचा मसुदा आला आणि जुलैमध्ये नियम. अपंगत्वाच्या कारणावरून कुणालाही विमान नाकारायचं नाही. इथपर्यंत टाळ्या. पुढे मात्र असं की विमानात प्रवाशाची तब्येत बिघडेल असं कंपनीला वाटलं तर डॉक्टरने त्याला प्रत्यक्ष तपासायचं, वैद्यकीय स्थिती काय आणि उडायला योग्य आहे की नाही ते स्पष्ट सांगायचं, मग कंपनी निर्णय घेणार, आणि नाकारलंच तर कारणं ताबडतोब लेखी द्यायची.

लेखी कारण हे खरंच कामाचं आहे, तोंडी "नाही" म्हणणं सोपं असतं, लिहून देताना हात थांबतो. पण डॉक्टर? परत तोच पहिला रकाना. दंगेखोराच्या रकान्यातून काढलं आणि आजाऱ्याच्या रकान्यात टाकलं. मेल्टडाऊन काय रोग आहे का की नाडी बघून कळेल? विमानतळावरचा डॉक्टर पिंट्याला आयुष्यात पहिल्यांदा बघणार, तेही तो कानांवर हात ठेवून पुढे-मागे झुलत असताना, वर स्टेथोस्कोप घेऊन अंगाला हात लावणार, म्हणजे अजून एक अनोळखी माणूस, अजून एक स्पर्श. ताईचं म्हणणं सरळ आहे, ती म्हणाली, "अरे डॉक्टर आला की तो अजून घाबरेल, मग डॉक्टर लिहिणार अनफिट." आणि रांचीत तर डॉक्टर स्वतःहून उभे होते, तयार होते, तरी काय झालं? अडलं होतं ते डॉक्टर नव्हता म्हणून नाहीच.

सुरक्षेचा मुद्दा मी झटकून टाकत नाहीये. विमान हवेत गेलं की रिक्षासारखं बाजूला घेता येत नाही, बेल्ट लावून बसावंच लागतं, जबाबदारी वैमानिकावर असते आणि शेजारच्या सीटवरच्या माणसाचाही विचार करायलाच हवा. पिंट्याला घेऊन एकदा आम्हीच घरून निघालो नाही, सकाळपासून दिवस बरा नव्हता, तिकिटाचे पैसे पाण्यात गेले. पण तो निर्णय त्याला ओळखणाऱ्यांचा होता. रांचीत ओळखणारे दोघं शेजारी उभे राहून सांगत होते की हा जाऊ शकतो, आणि त्यांना कुणी विचारात घेतलं नाही.

काय केलं असतं तर चाललं असतं

यातलं काही महाग नाही हे बघून खरं तर राग येतो. रॅम्प बांधायचा तर सिमेंट लागतं, लिफ्टला जागा लागते. इथे काय लागतं? एक बाजूची खोली, जिथे ट्यूबलाईटचा भगभगाट नाही आणि अनाउन्समेंट ऐकू येत नाही. बोर्डिंग सगळ्यात आधी, किंवा सगळ्यात शेवटी, मुलाला जे सोयीचं ते, आणि हे आई-बापाला विचारायचं. (सगळ्यांना वाटतं आधी चढवणं हीच सवलत, पण आमच्या पिंट्याला आधी चढवलं की तो आत बसून पुढची पंचवीस-तीस मिनिटं लोक डोक्यावर बॅगा कोंबताना बघत राहतो, त्याच्यासाठी शेवटी चढणंच बरं.) एकाच माणसाने बोलायचं, हळू, छोट्या वाक्यात. आणि त्या माणसाला पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे करायचा अधिकार हवा, नाहीतर नुसत्या ट्रेनिंगचा उपयोग नाही, कारण गेट वेळेवर बंद करायचं प्रेशर त्याच्याच मानेवर असतं.

जगात हे कुठे होतच नाही असंही नाही. लंडनच्या गॅटविक विमानतळावर २०१६ साली सूर्यफुलांची एक हिरवी पट्टी सुरू झाली, गळ्यात घालायची, अर्थ एवढाच की माझं अपंगत्व दिसत नाही पण मला थोडा वेळ लागू शकतो. काही समजावून सांगायला नको, कार्ड काढायला नको. तीच पट्टी आता आपल्या बंगळुरूच्या विमानतळावरही मिळते, तिथे टर्मिनल २ मध्ये सेन्सरी रूमसुद्धा आहे, म्हणजे गोंगाटापासून दूर शांत व्हायची खोली. मी ती आतून बघितलेली नाही, आमचा रूट नागपूर-पुणे. काही लोकांना पट्टी नको वाटते, गळ्यात पाटी लटकवून का फिरायचं म्हणतात, तेही खरंच आहे, ज्याची त्याची मर्जी. ताई म्हणते मला चालेल, लोकांच्या नजरा अशाही असतातच, निदान कारण कळेल.

घरून करायचं ते आपण करतोच. प्रत्येक टप्प्याचे फोटो काढून ठेवलेत, दार, पट्टा, मशीन, गेट, शिडी, सीट, क्रमाने, आठ दिवस आधीपासून रोज रात्री बघायचे, ओटी मॅडमने, म्हणजे त्याच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने, शिकवलंय. हेडफोन, चघळायची नळी, ओळखीचा टी-शर्ट ज्याचं लेबल कापलेलं आहे. सगळी तयारी आमची. फक्त त्या फोटोंच्या क्रमात विमानतळाने ऐनवेळी गेट बदललं की आठ दिवसांची मेहनत गेली. तेव्हा तिथे उभा असलेला माणूस काय करतो यावर सगळं येऊन थांबतं.

आणि हो, एक माहिती जी मला बरीच उशिरा कळली म्हणून सांगतो. विमान कंपन्यांच्या बुकिंगमध्ये मदतीचे कोड असतात, व्हीलचेअरचे तर तीन-तीन आहेत, किती चालता येतं आणि पायऱ्या चढता येतात का त्यावर. तसाच एक डीपीएनए म्हणून कोड आहे, बौद्धिक किंवा विकासात्मक अपंगत्व असलेल्या प्रवाशासाठी. म्हणजे ज्या तिसऱ्या रकान्याबद्दल मी इतकं बोंबलतोय तो सिस्टीममध्ये आहे! डीजीसीएच्या नियमाप्रमाणे मदत हवी असेल तर ४८ तास आधी कळवायचं असतं, तेव्हाच हा कोड टाकायला सांगायचा.

गेल्या खेपेला मी तसंच केलं. कंपनीचं नाव घेत नाही. फोनवरच्या पोराने तो कोड ऐकलेला नव्हता, मी स्पेलिंग सांगितलं, होल्डवर टाकलं, परत आला आणि म्हणाला, "सर, व्हीलचेअर टाकू का?" मी म्हटलं अरे तो चालतो, पळतो, आम्हालाच पळवतो, त्याला व्हीलचेअर नको, शांत जागा हवीये. परत होल्ड. परत आला. "सर, ते नाही होत, पण व्हीलचेअर टाकली ना की तुम्हाला लाईनीत थांबायला नाही लागणार, लोक तेच करतात."

मी ताईकडे बघितलं, ताईने मान हलवली, टाक म्हणाली.

तर त्या दिवशी नागपूर विमानतळावर एक माणूस व्हीलचेअर घेऊन आला, आजूबाजूला शोधक नजरेने बघायला लागला की पेशंट कोण. आम्ही चौघं धडधाकट उभे. पिंट्याने चाकं बघितली मात्र, सरळ जाऊन मागची दांडी धरली आणि निघाला. खुर्चीत आमच्या दोन बॅगा, ढकलणारा पिंट्या, शेजारून तो माणूस "अरे बेटा आराम से" करत, मागे आम्ही. सिक्युरिटीच्या लाईनीत लोकांनी बाजूला होऊन वाट करून दिली.